शेक्सपियरपासून बीथोव्हेनपर्यंत सगळ्यांची नावं गांधीलमाश्यांना देणारा अवलिया

उसाच्या पट्ट्यात ट्रायकोकार्ड म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जाड कागदाचा एक तुकडा, त्यावर तांदळावरच्या पतंगाची बारीक अंडी चिकटवलेली. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी. ती काळी पडली की समजायचं, आत माल तयार आहे. मग कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि उसाच्या पानाला खालच्या बाजूने टाचायच्या. त्यातून ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाश्या बाहेर पडतात आणि खोडकिडीची अंडी शोधत फिरतात.

गांधीलमाशी म्हटल्यावर घराच्या वळचणीला पोळं करणारी, चावली की दोन दिवस ठणकणारी माशी डोळ्यासमोर येते. ही तसली नव्हे. हिची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे या वाक्यातल्या पूर्णविरामावर आरामात मावेल एवढी. ही माणसाला चावत नाही. ही किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आतली अळी ते अंडं आतूनच खाऊन टाकते आणि किडीऐवजी माशीच बाहेर येते.

आता गंमत ऐका. भारतात प्रयोगशाळांमधून वाढवलेल्या आणि शेतात सोडलेल्या या माशीचं नाव बरीच वर्षं कागदोपत्री ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम असं लिहिलं जायचं. नावातच ऑस्ट्रेलिया. आणि ते नाव चुकीचं होतं. माशी भलतीच होती.

ही चूक कशी झाली आणि कशी सुधारली हे पुढे येईलच. पण ऑस्ट्रॅलिकम हे नाव ज्याने ठेवलं तो माणूस आधी भेटायला हवा. कारण कीटकशास्त्राच्या इतिहासात इतकं काम करून इतका वैताग मागे ठेवणारा दुसरा गडी शोधूनही सापडणार नाही.

त्याचं नाव अलेक्झांडर आर्सेन जिरो. आडनाव फ्रेंच वळणाचं, माणूस अमेरिकन. जन्म ९ जानेवारी १८८४, मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसचा. १९०३ साली व्हर्जिनिया पॉलिटेक्निकमधून पदवी घेतली आणि सरकारी कीटकशास्त्र खात्यात लागला. पुढे इलिनॉयमध्ये काम केलं. काम काय, तर फळबागेतल्या, शेतातल्या किडींच्या सवयी नोंदवायच्या. अंडी किती दिवसांनी फुटतात, अळी किती वेळा कात टाकते, असलं सगळं.

हे करताना त्याला एक नाद लागला. किडीची अंडी गोळा करून आणायची, बाटलीत ठेवायची आणि अळीऐवजी भलतंच काही बाहेर येतंय का ते बघत बसायचं. बऱ्याचदा यायचंच. १९१० साली सँडर्स नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने घरमाशीच्या कोषावर वाढणाऱ्या एका गांधीलमाशीचं वर्णन छापलं. नाव ठेवलं मस्सिडिफ्युरॅक्स रॅप्टर. अर्थ काढायचा तर माश्यांची चोर, लुटारू. ही लुटारू आज अमेरिकेत पोल्ट्री आणि गोठेवाल्यांना चक्क विकत मिळते. शेणातल्या माश्या कमी करायला ती सोडतात.

एखाद्या जातीचं वर्णन करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे इथे थोडं थांबून बघू. नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही.

समजा, तुम्हाला एक माशी सापडली आणि वाटलं की ही आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. तर नुसतं वाटून भागत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पायाच्या टोकाला पेरं किती हे मोजायचं. ट्रायकोग्रामाच्या कुळात ती तीन असतात, शेजारच्या कुळात चार, बऱ्याच इतरांत पाच. मिशांना पेरं किती, त्यांचा आकार कसा, पंखावरची एकुलती एक शीर कुठे वळते, पंखाच्या कडेला केसांची झालर किती लांब, अंडी घालायची सुई पोटाबाहेर किती येते, हे सगळं टिपायचं. मग आधीच्या सगळ्या जातींशी ताडून बघायचं. हे झालं की नाव ठेवायचं आणि वर्णन छापायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या माशीवरून वर्णन केलं ती माशी संग्रहालयात जपून ठेवायची. हा झाला त्या जातीचा मूळ नमुना. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याने कागद वाचायचा आणि नमुना बघायचा. जमिनीच्या वादात मूळ सातबारा काढतात तसाच प्रकार.

वर्णन नीट आणि नमुना शाबूत असेल तर काम सोपं. जिरोच्या बाबतीत दोन्हीचे वांधे होते.

१९११ साली तो ऑस्ट्रेलियात पोचला. क्वीन्सलँड राज्याच्या ऊस प्रयोग केंद्रांना कीटकशास्त्रज्ञ हवा होता. कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच समजेल असं होतं, ते म्हणजे हुमणी. तिकडची जात वेगळी, पण धंदा तोच. जमिनीखाली राहून उसाची मुळं खाणारी पांढरी अळी, आणि वर उभा ऊस वाळत चाललेला. केर्न्स शहराजवळ नेल्सन नावाचं गाव होतं, त्याला आज गॉर्डनव्हेल म्हणतात. जिरोचा मुक्काम तिथे.

(याच गॉर्डनव्हेलजवळ पुढे १९३५ साली हुमणीच्या भुंग्यांवर उपाय म्हणून हवाईहून शंभराच्या आसपास भेक आणून वाढवले गेले. त्या भेकांनी भुंगे फारसे खाल्ले नाहीत, बाकी ऑस्ट्रेलियाचं मात्र खूप काही खाल्लं. पण ती गोष्ट वेगळी.)

पगार हुमणीसाठी, पण जिरोचं लक्ष आजूबाजूच्या जंगलावर. गवतावरून, झुडपांवरून जाळी फिरवायची आणि जाळीच्या तळाशी जो धुळीसारखा जीव उरतो तो तपासायचा. त्या धुळीत चाल्सिड गटाच्या गांधीलमाश्या निघायच्या. मोठ्यात मोठी काही मिलिमीटरची, लहानात लहान डोळ्याला न दिसणारी. बहुतेक सगळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात किंवा अंड्यात वाढणाऱ्या. ऑस्ट्रेलियातल्या या माश्यांबद्दल तोवर फारच थोडं लिहिलं गेलं होतं. जिरोसाठी ती उघडी तिजोरी होती.

तो सुटलाच. १९१२ पासून पुढची चार-पाच वर्षं क्वीन्सलँड म्युझियमच्या नियतकालिकात त्याची ऑस्ट्रेलियन चाल्सिडांवरची लेखमाला छापून येत राहिली. एकेका भागात जातींमागून जाती. ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम हे नाव १९१२ चंच. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्याच्या नावावर सव्वातीनशेच्या वर लेख आणि तीन हजारांहून जास्त नवी नावं जमा झाली.

या काळात त्याच्या हाताखाली एक पोरगेलासा मदतनीस होता, अ‍ॅलन डॉड. फुलपाखरं गोळा करणाऱ्या बापाचा मुलगा, विशीसुद्धा न गाठलेला. काही जाती दोघांच्या नावावर आहेत. हाच डॉड पुढे ऑस्ट्रेलियातल्या निवडुंगाविरुद्धच्या मोहिमेचा प्रमुख झाला. दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तिथले लाखो एकरांवरचे निवडुंग खाऊन संपवले आणि बूनार्गा नावाच्या गावाने १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने चक्क सभागृह बांधलं. उपयोगाच्या कामाचं शिखर म्हणावं असं हे काम. त्याच्या गुरूला मात्र असल्या उपयोगाच्या कामाचा मनापासून तिटकारा होता.

जिरोच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. विज्ञान हे सत्यासाठी करायचं. पिकाचे पैसे वाचवायला, खात्याचा अहवाल भरायला विज्ञान राबवणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणजे बघा, ज्या माणसाचा पगार शेतीच्या किडी मारायच्या कामासाठी होता, त्याला तेच काम हलकं वाटत होतं. वरिष्ठांशी जमणार कसं?

१९१४ साली तो अमेरिकेत परतला आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात माश्या ओळखायच्या कामाला लागला. तिथेही फार काळ रमला नाही. १९१७ साली पुन्हा ऑस्ट्रेलिया. याच सुमारास त्याने स्वतःच्या खर्चाने पत्रकं छापायला सुरुवात केली. आजच्या भाषेत सांगायचं तर संपादकांना कंटाळून माणसाने स्वतःचं पेज काढलं. चार-सहा पानांचं पत्रक, थोड्याच प्रती, पोस्टाने इकडेतिकडे पाठवायच्या. त्याला अडवणारं आता कुणी नव्हतं.

आणि त्या पत्रकांत काय नसायचं! नव्या गांधीलमाशीचं तीन ओळींचं वर्णन, लगेच खाली कविता, त्याखाली खात्यातल्या अधिकाऱ्यांवर शेरे, मधेच माणूस नावाच्या प्राण्यावर चिडचिड. एका पत्रकाच्या शीर्षकात तर त्याने या माश्यांना रानातले रत्नासारखे रहिवासी म्हटलं आहे, जे बहुतेकांनी ना कधी पाहिले, ना स्वप्नात आणले. माश्यांवर त्याचं प्रेम खरं होतं. माणसांचं त्याला जमलं नाही एवढंच.

नावं ठेवायची त्याची तऱ्हा तर अफलातून. कीटकशास्त्रात सहकाऱ्याच्या, वरिष्ठाच्या, अनुदान देणाऱ्याच्या नावाने जाती ठेवायची पद्धत आहे. अगदी सुरुवातीला जिरोनेही तसं केलं. पुढे त्याचे मानकरी बदलले. शेक्सपियरच्या नावाने शेक्सपिअरिया. गटेच्या नावाने गोएथेला. इमर्सनचा इमर्सोनिया, थोरोचा थोरोइया, प्लुटार्कचा प्लुटार्किया, कार्लाइलचा कार्लाइलिया, अगदी मार्क्सच्या नावाचाही मार्क्सियाना. आणि एका जातीचं पूर्ण नाव आहे मोझार्टेला बीथोव्हेनी. एका मिलिमीटरच्या आसपासच्या किड्यावर पाश्चात्त्य संगीताचे दोन दिग्गज एकदम बसवलेत.

पण सगळ्यात जास्त गाजलेलं नाव आदराचं नाही, रागाचं आहे. क्वीन्सलँडच्या ऊस खात्यात तेव्हा इलिंगवर्थ नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांचं आणि जिरोचं बिनसलं. १९२० साली जिरोने एका नव्या किड्याचं वर्णन छापलं, शिलिंग्जवर्थिया शिलिंग्जवर्थी. शिलिंग म्हणजे तेव्हाचं नाणं. आडनावात शिलिंग घुसवून त्याने इलिंगवर्थना सरळ दीडदमडीचा म्हटलं होतं. वर्णन काय? किडा पूर्ण रिकामा, पोकळ, सावलीसुद्धा न पडणारा, ठरावीक बाजूनेच दिसणारा. सापडला कुठे? गुरू ग्रहावरच्या एका दरीत, ऑगस्ट १९१९ मध्ये. असा किडा अर्थातच नव्हता. शास्त्रीय वर्णनाचा सगळा साज चढवून माणसाने वरिष्ठाची जाहीर टर उडवली होती. केवळ कल्पनेतल्या प्राण्याला दिलेलं नाव प्राणिशास्त्राच्या नियमात बसत नाही, म्हणून हे नाव अधिकृत यादीत गेलं नाही. पण शंभर वर्षांनंतरही कीटकशास्त्रज्ञ ते एकमेकांना हसत सांगतात. यात इलिंगवर्थ यांच्यावर अन्याय झाला का, हा प्रश्न त्या हसण्यात कुणी विचारत नाही. त्यांची बाजू मांडणारं पत्रक कुणी छापलं नाही.

हसण्यावारी नेता येणार नाही असा भाग पुढे आहे.

जिरोचं काम वेगात चालायचं आणि वेगाची किंमत कुणीतरी मोजतंच. त्याची बरीच वर्णनं एकाच मादीवरून केलेली आहेत. सोबत चित्र बहुतेकदा नाही. मजकूर असा की ही जात अमक्या जातीसारखी, फक्त मिशीचं तिसरं पेर जरा लांब. अमकी जात शोधायला जावं तर तिचं वर्णन सांगतं की ती तमक्या जातीसारखी. असं मागे मागे जात राहायचं.

नमुन्यांची तऱ्हा याहून वाईट. काचपट्टीवर औषधात बसवलेला मिशा आणि डोक्याचा तुकडा एकीकडे, उरलेलं धड कार्डावर दुसरीकडे. एकाच काचपट्टीवर तीन-चार वेगवेगळ्या जातींचे नमुने, प्रत्येकावर फुटक्या झाकणकाचेचा एकेक तुकडा. काचेच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं. कुठला पाय कुणाचा हे ठरवणं म्हणजे गुप्तहेराचं काम. काही लोक म्हणतात तो निष्काळजी होता, काही म्हणतात पैसे आणि साधनं नव्हती. दोन्ही खरं असणार. स्वतःच्या खिशातून पत्रकं छापणाऱ्याला काचांचीही काटकसर करावी लागत असेल, पण ज्याने तीन हजार नावं जगाच्या माथी मारली त्याने नमुन्यावर चिठ्ठी तरी नीट लावायला हवी होती, ही अपेक्षा काही जास्त नाही.

नोकरीत तो टिकून राहिला नाही. ब्रिस्बेनमध्ये राज्याच्या कृषी खात्यात काम केलं, तिथेही खटके उडाले. पत्रकांची भाषा वर्षागणिक कडवट होत गेली. मन थाऱ्यावर राहिलं नाही, शेवटच्या काळात मानसिक आजाराने गाठलं. २ मे १९४१ रोजी तो गेला. वय ५७. मागे ऑस्ट्रेलियातल्या चाल्सिडांवरचं न छापलेलं भलंमोठं हस्तलिखित, आणि क्वीन्सलँड म्युझियममध्ये त्या काचपट्ट्या.

त्या उघडायला पुढच्या पिढ्यांना जिवावर आलं होतं. शेवटी त्याच म्युझियममधल्या एडवर्ड डाम्स यांनी ते अंगावर घेतलं. १९७८ ते १९८६ या काळात चार भागांत त्यांनी जिरोच्या नमुन्यांची यादी छापली. कुठला नमुना कुठे आहे, कुठल्या काचेवर कुठला तुकडा, हस्तलिखितात त्याबद्दल काय नोंद आहे. दरम्यान १९७९ मध्ये जिरोची खासगी पत्रकं एकत्र करून पुन्हा छापली गेली, शेऱ्यांसकट आणि कवितांसकट. कारण त्यातच बरीच अधिकृत नावं अडकलेली होती, ती टाळून पुढे जाताच येत नव्हतं. १९८८ मध्ये झ्डेनेक बोउचेक या चेक कीटकशास्त्रज्ञाचा ऑस्ट्रेलियन चाल्सिडांवरचा जाडजूड ग्रंथ आला आणि जिरोच्या कितीतरी नावांचा निकाल लागला. काही नावं आधीच्या कुणीतरी ठेवलेल्या नावात विलीन झाली. बरीचशी मात्र टिकली. म्हणजे घाईत असूनही त्या माणसाची नजर पक्की होती.

आता परत आपल्या उसाकडे.

ट्रायकोग्रामाच्या जाती ओळखायच्या म्हणजे डोकेदुखी. सगळ्या अर्ध्या मिलिमीटरच्या, सगळ्या पिवळट-तपकिरी. पूर्वी रंगावरून ओळखायचे, पण रंग तापमानानुसार बदलतो. एकाच आईची पोरं थंडीत गडद आणि उन्हाळ्यात फिकी. त्यामुळे भारतातल्या माशीला आधी एका परदेशी जातीचं नाव लावलं गेलं, मग जिरोच्या ऑस्ट्रॅलिकमचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. उपलब्ध वर्णनं इतकी त्रोटक होती की त्यात कुठलीही माशी बसवता आली असती.

गाठ सोडवली ती भारतात काम करणाऱ्या दोघांनी. बेंगळुरूच्या केंद्रातल्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ पासून दाखवून दिलं की रंग सोडा, नराचे जननावयव बघा. तिथला आकार जातीगणिक वेगळा असतो आणि तापमानाने बदलत नाही. जगभरच्या ट्रायकोग्रामांची फेरतपासणी सुरू झाली. त्यात कळलं की भारतातली माशी ऑस्ट्रॅलिकम नाहीच. मग तिला काही काळ कन्फ्युजम हे नाव मिळालं, अर्थ सरळच आहे. अखेरीस लक्षात आलं की जपानच्या इशी यांनी या जातीचं वर्णन आधीच करून ठेवलंय आणि नाव दिलंय ट्रायकोग्रामा चिलोनिस. इशी यांनी ते छापलं ते साल होतं १९४१. त्याच वर्षी जिरो वारला.

नावाने शेतकऱ्याला काय फरक पडतो? पडतो. ट्रायकोग्रामाची एक जात उसात चालते, दुसरी भातात, तिसरी फळझाडांवर. एखाद्या देशात ऑस्ट्रॅलिकम अमुक किडीवर चालत नाही असा अहवाल आला आणि आपल्याकडची माशीही ऑस्ट्रॅलिकमच समजली, तर चांगला उपाय विनाकारण बाद होणार. उलटही होऊ शकतं. भलत्याच माशीचे यशाचे आकडे वाचून आपण कार्डं लावत बसणार.

नाव बरोबर असलं तर काय होतं याचं उदाहरणही जिरोच्याच खात्यात आहे. १९१५ साली त्याने अमेरिकेतल्या एका माशीला गोनाटोसेरस अ‍ॅशमेडी हे नाव दिलं. अ‍ॅशमेड हा त्याच्या आधीच्या पिढीतला चाल्सिडतज्ज्ञ. ही माशी एका मोठ्या तुडतुड्याच्या अंड्यात वाढते. १९९९ साली तो तुडतुडा ताहिती बेटावर पोचला आणि असा फोफावला की झाडाखाली उभं राहिलं तर तुडतुड्यांच्या मुताचा पाऊस अंगावर पडायचा. २००५ मध्ये तिथे ही माशी सोडली. काही महिन्यांत तुडतुडे ९० टक्क्यांहून जास्त घटले. उपयोगाच्या कामाला नाकं मुरडणाऱ्याने ओळखून ठेवलेली माशी नव्वद वर्षांनी एका अख्ख्या बेटाच्या उपयोगी पडली.

कापसावरची पांढरी माशी विदर्भ-मराठवाड्यात माहीत नाही असं घर नसेल. तिच्या पिल्लांच्या अंगात वाढणाऱ्या गांधीलमाश्यांपैकी एक भारतात सापडते, एन्कार्सिया सोफिया. बरीच वर्षं तिला एन्कार्सिया ट्रान्सव्हेना म्हणायचे, ते नाव १९२६ चं. नंतर दोन्ही एकच असल्याचं दिसलं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव राहिलं. जुनं नाव १९१५ चं होतं, क्वीन्सलँडच्या उसाच्या गावातून काम करणाऱ्या दोघांनी ठेवलेलं. म्हणून आज कृषी विद्यापीठाच्या अहवालात या माशीचं नाव पूर्ण लिहायचं तर पुढे कंसात जिरो आणि डॉड असं लिहितात. कंसाचा अर्थ एवढाच की त्यांनी तिला ज्या प्रजातीत टाकलं होतं तिथून ती नंतर दुसरीकडे हलवली गेली.